काशिवागी मास्तरांचं कलिंगड

वाकासा, ७ ऑगस्ट १९७८

चि. सौ. सुमिए हीस,
अ. उ. आ. तुझा लोणच्याचा डबा पोचला, अर्धा संपलाही.

काल आमची वार्षिक समुद्रस्वारी झाली. गोतो, तोफूवाली सेत्सु आणि मी, शाळेपासूनचे तिघे, ओबोनचे पितर यायच्या आधीच्या रविवारी किनाऱ्यावर जातो. यंदा गोतोने चौथा आणला. काशिवागी मास्तर. पोहण्याचे निवृत्त शिक्षक, विधुर, साठीला टेकलेले, आणि पोट म्हणून नाही. अशा माणसाने इतका वेळ उघडं हिंडू नये, असं माझं मत आहे. त्यांनी रोवलेली छत्री वाऱ्याने हलली नाही. सेत्सु म्हणाली, माझ्या दुकानातला तोफूसुद्धा इतका ताठ उभा राहत नाही हो! आणि हसत सुटली.

मग कलिंगड फोडायचा खेळ. सेत्सुच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हातात काठी दिली, तीनदा गरगर फिरवलं. बाकीच्यांनी डावीकडे, उजवीकडे असं ओरडून वाट दाखवायची, वाटल्यास खोटीही. मास्तर असे गरजले की लांबच्या होड्याही वळल्या असतील. तिने एका घावात फोडलं, आणि मधला लाल तुकडा मास्तरांना दिला. मला कडेचा.

दुसऱ्याचं बरं न बघवणं ही ईर्ष्या, आपलं दुसऱ्याला न देववणं हे मात्सर्य, असा शास्त्राने भेद केला आहे. काल ही दोन्ही माझ्याच चटईवर बसली होती. चौथ्या माणसाची गरज काय होती, ते तूच सांग.

मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.
एन्काई

क्योतो, ९ ऑगस्ट

ती. दादास सुमिएचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ह्यांनी विचारलं, तुझा भाऊ मंदिर सांभाळतो की मास्तरांवर पाळत ठेवतो?

आजच सेत्सुताईचंही पत्र आलं. ती लिहिते, गोतो मेला नेहमी खोटं सांगतो, म्हणून मी दर वर्षी एन्काईच्याच आवाजामागे जाते. यंदा तो ओरडलाच नाही. उन्हात काठी धरून किती वेळ थांबले, शेवटी मास्तरांचं ऐकलं. तो रागावलाय का, तेवढं विचारून कळव.

दादा, तू गप्प बसलास हे मला का नाही लिहिलंस?

आणखी ऐक. गोतोने मास्तरांना सहलीला नव्हे, तिला दाखवायला आणलं होतं. सोळा तारखेला ओबोन संपला की तिला होय-नाही सांगायचं आहे. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली. आपल्या पंथात मंदिर सांभाळणाऱ्याला लग्नाची बंदी नाही, आजोबांनी तर दोनदा केलं. तेव्हा ग्रंथ मिट आणि दुकानात जा.

रागावू नकोस, पण ऐक.
तुझी सुमिए

वाकासा, १२ ऑगस्ट

चि. सौ. सुमिए हीस,
अ. उ. आ. काल सकाळी गेलो. रांगेत माझ्या पुढे भांडं घेऊन कोण, तर मास्तर! ते जाईपर्यंत मी समोरच्या भिंतीवरची जाहिरात चारदा वाचली.

प्रस्तावनेसह तीन मुद्दे तयार होते. सेत्सुचे हात पाण्यात. म्हणाली, लवकर बोल, गिऱ्हाईकं खोळंबलीत. तीनही मुद्दे गेले. मला मास्तरांचा हेवा वाटला, म्हणून तोंड उघडलं नाही, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, पन्नाशी उलटली रे तुझी, आणि मला उन्हात उभी ठेवलीस, गाढवा!

मग मी ओबोननंतर समुद्रावर येतेस का, असं विचारलं. तेव्हा पाण्यात जेलीफिश भरतात, किनाऱ्यावर कुत्रंही नसतं, असं ती म्हणाली. म्हणूनच, असं मी म्हणालो. तिने पुष्कळ वेळ तोफू कापला. मग साळसूदपणे विचारलं, मास्तरांनाही बोलवू ना?

नको, असं मी म्हणालो. तीस वर्षं प्रवचनं करतोय, पण इतकं छोटं एकही जमलं नव्हतं. रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मान डोलावली.

गोतोला ती आजच नकार कळवते आहे. मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून आठवडाभर त्यांना एक तोफू जास्तीचा देणार आहे म्हणे. ते मला मुळीच पटलेलं नाही.

उद्यापासून पितर यायचे. गडबडीत आहे, उणंअधिक पोटात घाल.
एन्काई