दाराबाहेरची टकटक

तीर्थरूप बाबा,

तुमच्या मनाविरुद्ध मी हे गाण्यांच्या मिक्सिंगचं काम धरलं त्याला सहा वर्षं झाली, आणि आपलं बोलणं बंद झालं त्यालाही. तरी आज एक गोष्ट तुम्हालाच विचारायची आहे.

माझ्या खोलीत भिंतींना रजया टांगून मी पहिलं गाणं रेकॉर्ड केलं होतं, ते आज साफ करायला घेतलं. मागे बारीक टकटक आहे. तेव्हा मी पंख्याला शिव्या घातल्या होत्या. आज हेडफोन लावून नीट ऐकलं. दुसऱ्या कडव्यात माझी लय घसरते, तेव्हा टकटकही थांबते आणि मी सावरले की माझ्याबरोबर पुन्हा सुरू होते. पंखा माझ्यासाठी कशाला थांबेल?

मग तुमच्या बोटातली अंगठी आठवली. "खुडबुड बंद कर" असं दारातून ओरडून तुम्ही निघून जायचात, असं मी समजत होते. बाहेर किती वेळ उभे असायचात?

असले आवाज पुसणं हा माझ्या डाव्या हातचा मळ. हा मात्र ठेवलाय.

पत्र टाकणार नाही. तुम्ही म्हणाल, "पंखाच असेल." मग मला तो आवाज पुसावा लागेल.

तुमची,
खुडबुडी