मांजर ऐकू आलं नाही

३ जानेवारी

ती. मोठ्या वन्संना,
सा. न. वि. वि.

हे होते तेव्हाच्या एका सकाळी मी चादरी भिजत घातल्या होत्या, एक डोळा दुधावर होता, आणि हे अंगणात गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. मग नेहमीची हाक आली. ओले हात पुसत मी गाडीत जाऊन बसले, रेस दिली आणि ऐकलं. छापखान्यातल्या यंत्रांनी यांचे कान खाल्ले हे तुम्हाला ठाऊकच आहे. हात यांचे आणि कान माझे, असा आमचा संसार. मी ओरडून सांगितलं की मांजर आहे. मांजर म्हणजे पट्ट्याजवळची बारीक कुरकुर. किटली म्हणजे पाणी तापतंय. गाडी थंडीत रडायला लागली की तिला आम्ही मोठी जाऊ म्हणायचो, हे तुमच्या त्या वहिनीला सांगू नका. यांनी पान्याने दोन आटे दिले आणि मांजर गेलं. दूध मात्र उतू गेलं.

हे सगळं काल आठवलं, नव्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल हातात पडलं तेव्हा. एका हातगाडीचा धक्का लागून डावा आरसा तडकला. मला वाटलं, काच बसवून देतील. वर्कशॉपचे साहेब माझ्याकडे दया आल्यासारखे बघत राहिले. म्हणाले, नुसती काच मिळत नाही. आरशात कॅमेरा आहे, दिवा आहे, काच गरम करायची तार आहे, तेव्हा सगळा आरसाच बदलायचा, आणि मग गाडीला तो आरसा शिकवायचा. शिकवणीचे पैसे निराळे. मी त्यांना सांगितलं की मी सामानाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं शिकले, माझ्याकडून कुणी फी घेतली नाही. त्यांना हसू आलं नाही. एवढ्या पैशांत आपली जुनी गाडी दोन वर्षं सुखाने धावली असती. वर आरसा नापासच झाला, कारण गाडीतल्या पडद्यावर एक पिवळा दिवा उरलाच आहे. साहेब म्हणतात, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

शेजारच्या सीटवर बटाट्याची पिशवी ठेवली तर गाडी टुंटुं करते, म्हणून मी बटाट्यांना पट्टा बांधते. पोस्टापर्यंत गेले तरी विचारते, तुम्ही दमलात का. एवढी विचारपूस यांनी जन्मात केली नाही.

एक मात्र मान्य करते. इंजिनाचा आवाज भरदार आणि एकसारखा आहे. रोज कान देऊन ऐकते. मांजर नाही, किटली नाही. लेकाने घेऊन दिलेल्या गाडीत ही एक गोष्ट तरी चोख आहे.

डोळ्याचे डॉक्टर २९ला इथल्या दवाखान्यात येणार आहेत, आणि ते तीन महिन्यांतून एकदाच येतात. मी २८ला तुम्हाला न्यायला येते. तुमचा एक डोळा लहानपणीच गेला, आता हा एवढाच आहे. सबबी शोधू नका.

लोभ आहेच. तो वाढवा असं म्हणत नाही, आहे तेवढा जपा.

तुमची,
धाकटी


९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बटाट्यांना पट्टा बांधलास हे वाचून मी एकटीच हसत बसले. तुझा नवरा लहानपणी घड्याळ खोलायचा आणि पुन्हा जोडायचा. दर वेळी एक स्क्रू उरायचा, तो माझ्या डब्यात लपवायचा. घड्याळ चालायचं. आजच्या गाड्यांत तसे उरणारे स्क्रू फार झालेत असं दिसतं.

भाच्याचा फोन आला होता. मला समजावत होता की ही गाडी आईची काळजी घेते. मी म्हटलं, काळजी घेणारा गेला म्हणून तू यंत्र पाठवलंस, ते ठीक, पण अधूनमधून तूही येत जा. मग तो इतर गोष्टी बोलू लागला. पोरगं वाईट नाही, लांब आहे एवढंच.

डोळ्याचं म्हणशील तर काल चहात मीठ घातलं आणि अर्धा कप पिईपर्यंत वाटलं की पाणीच खारट आलंय. डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाले होते की मोतीबिंदू पिकत चाललाय, आणखी थांबलात तर हमी देणार नाही. मी २९ची वाट बघते आहे, हे तुलाच सांगते, बाकीच्यांना नाही. पुढचं पत्र जाड शाईने लिही.

तुझी मोठी नणंद
(आशीर्वादाला कमी नाही, फक्त ओळी तिरक्या आल्यात.)


१७ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

जाड शाईने लिहिते आहे, आणि रागही तेवढाच जाड आहे.

मंगळवारी भर रस्त्यात गाडी बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघत होती, मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि पडदा मला विचारत होता की थोडी विश्रांती घेता का. गाडी दोरीने ओढून नेली. आत पाणी फिरवणारा पंप गेला होता. मी साहेबांना ठणकावून सांगितलं की हे शक्य नाही, पंप बिघडायला लागला की आधी महिनाभर आवाज करतो, आणि मी रोज ऐकते आहे.

तेव्हा कळलं, वन्सं. मी ऐकत होते तो आवाज इंजिनाचा नव्हताच. या गाडीत खऱ्या इंजिनाचा आवाज आत येऊच देत नाहीत. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून आतल्या स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाजवतात. मी सहा महिने एका रेडिओला कान लावून बसले होते. पंप बाहेर मरेस्तोवर ओरडला असेल. पडद्यावर तांबडा दिवा लागला होता म्हणे. लागला असेलही. तो पडदा बटाट्यांसाठीही तांबडा होतो. मी केव्हाच त्याच्याकडे बघणं सोडलं होतं.

आता पंप सुटा मिळत नाही. तो ज्यात बसवलाय तो अख्खा डबा बदलायचा, आणि डबा सहा आठवड्यांनी येणार. किंमत ऐकून मी खुर्चीत बसले, तर साहेबांनी कॉफी विचारली.

लेकाला फोन केला. त्याचं म्हणणं, चूक माझी, दिवा का बघितला नाही. आणि आता या वयात गाडी चालवूच नको, फोनवरून टॅक्सी मागव. मागवून बघितली. दोघा टॅक्सीवाल्यांनी नकार दिला. तुमच्याकडच्या खडीच्या रस्त्यावर खालचे सेन्सर फुटतात, ते बदलायला दोन महिन्यांची कमाई जाते म्हणे. त्यांचंही बरोबर आहे. बस पुलापर्यंतच येते, आणि पुढची लांब वाट तुम्हाला दिसणार नाही, मला चालवणार नाही.

पण मी काहीतरी करते. तुम्ही पिशवी भरून ठेवा.

मला यांची आठवण येते ती रोजचीच आहे, तिचं काही नवीन नाही. पण परवा रस्त्याच्या कडेला उभी होते तेव्हा वाटलं, यांच्या हातांविना मी चालवून घेतलं होतं. आता माझे कानही काढून घेतले.

मला रागवायचं तर रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची,
धाकटी


२२ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं. तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस. लेकाशी भांडू नकोस. डॉक्टर एप्रिलमध्ये येतीलच की. मला बरंच दिसतं. दार दिसतं, खिडकी दिसते, आणि या वयात याहून जास्त बघायचं काय राहिलंय. तू ये, पण गाडी दुरुस्त झाल्यावर सावकाश ये. हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे, म्हणजे बघ


२ फेब्रुवारी

चि. बाळास,
अ. उ. आ.

तुझी आत्या माझ्या घरी आहे आणि मजेत आहे. ऑपरेशन होऊन डोळा उघडल्यापासून तिने माझ्या छतावरची जाळी मोजायला घेतली आहेत, आणि तू एवढी म्हातारी कधी झालीस असं मला दोनदा विचारून झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बोलून उपयोग नव्हता.

तू फोनवर चिडून विचारलंस की मी थांबले का नाही, आणि आत्या स्वतः एप्रिल म्हणत असताना मला एवढी घाई कसली होती. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आत्याचं पत्र मला २७ला मिळालं. वरच्या ओळी वाचता आल्या. मला बरंच दिसतं, हे ती जिथे लिहिते तिथून पुढच्या ओळी एकमेकींवर लिहिलेल्या होत्या. ती ओळ बदलत होती, पण हात खाली सरकला की नाही ते तिला दिसत नव्हतं. शेवटी कागदाची कड ओलांडूनही ती लिहीत राहिली असणार, कारण शेवटचं वाक्य अर्धंच आलं, सहीसुद्धा नाही. मी ते पत्र उजेडात धरून बराच वेळ बघितलं. मग चपला घातल्या.

गल्लीच्या टोकाला गाडी शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांची जुनी शिकवायची गाडी मोडीत जायची होती, कारण आता कुणाला गिअर शिकायचे नाहीत. खिडक्या हाताने फिरवायच्या, पडदा नाही, चारी बाजूंना पोचे, आणि शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक. बाईंनी मोडीचाच भाव सांगितला आणि मला वेडी ठरवलं. मी त्यांना इंजिन चालू करायला लावलं आणि बॉनेट उघडून ऐकलं. तिला दोन आजार होते, दोन्ही माझ्या ओळखीचे. बाईंच्या माणसाने संध्याकाळपर्यंत ते बरे केले.

तू दिलेली गाडी तू प्रेमाने दिलीस, हे मला कळतं. पण ती विकून टाक. वर्कशॉपवाले आहे तशी घ्यायला तयार आहेत, आलेले पैसे तुझेच. मला अशी गाडी नको जिच्यात काय बिघडलंय ते मी सोडून सगळ्यांना कळतं. तुझे बाबा असते तर ते हसले असते, आणि मग तुझीच बाजू घेतली असती. मी घेणार नाही. वेळ मिळाला की ये, आत्याही वाट बघते. आमच्या दोघींचा तुझ्यावर जीव आहे, तो भांडणाने कमी होत नाही.

राहिलं ते सांगते. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खडीच्या रस्त्याने तुझ्या आत्याच्या दारापर्यंत गाडी नेली आणि २९ला तिला दवाखान्यात घेऊन गेले.

तुझी,
आई