उरलेलं औषध

अण्णा,

आज दुपारी मुलगी आली ती थर्माकोलची पेटी, बारा कुप्या आणि जेट्टीवरचा बर्फ घेऊन. बर्फाचे चाळीस रुपये झाले. मासळीचा बर्फ म्हणून मी पेटी ओटीवरच ठेवायला लावली. माझ्या लग्नात तुम्ही दिलेल्या हापूसच्या कलमाची पानं तिला कृषी महाविद्यालयात तपासायला न्यायची आहेत. म्हणाली, "आई, उन्हानं पानाच्या पेशींतला डीएनए तुटतो, झाड तो स्वतःच सांधतं. सांधणारी जनुकं कधी जागी करायची, कधी थांबवायची, त्यात झाडातल्या संप्रेरकांचा हात असतो." मी म्हटलं, "म्हणजे आतून कोणी हाक मारतं?" "हाक म्हण हवं तर. एखादं संप्रेरक दाबलं तर दुरुस्ती मागे पडते का, तेच बघतेय. अजून पक्कं ठाऊक नाही." मग कात्री उचलून तिनं सहज विचारलं, "याला मोहोराचं औषध नाही ना घातलंस कधी? त्यानं वाढीचं संप्रेरक दबतं. मला न घातलेलंच झाड हवं." मी म्हटलं, "छे, तुझ्या आजोबांचं झाड ते."

घातलं होतं, अण्णा. दोन वर्षांमागे बाकीच्या कलमांना घालून बाटलीत उरलं, फेकवेना. न मोजताच बुंध्याशी ओतलं. त्या वर्षी मोहोर लगडला, यंदा शेंडा वाळतोय, सालीतून डिंक गळतोय. मागे एकदा याला मोहोर आला नाही म्हणून मी कुरकुरत होते. अजून दिसतं, तुम्ही परड्यात उकिडवे बसून साल चाचपताय, म्हणताय, "बाय, दुपारची लवंडतेस तेव्हा तुला कोण ढोसून उठवतं काय? त्यालाही पडू दे वर्षभर." सगळ्यांदेखत बोललात म्हणून दोन दिवस मी धुसफुसत होते.

आता ती माजघरात कुप्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय. बाराही चिठ्ठ्यांवर एकच: औषध न घातलेलं. सांजवात लावताना स्तोत्र मध्येच चुकलं. झाड जाईल ही भीती आहेच. पण माझ्या एका "छे"वर तिचं वर्षभराचं काम उभं राहणार, आणि कधी कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, याची जास्त आहे. सकाळच्या एसटीनं ती जाणार.

आतून विचारतेय, "आई, पेटीला चिकटपट्टी लावू ना?" मी इथे हेच लिहीत बसलेय. खरं सांगते, विचारणारे तुम्ही असतात तरी मी "छे"च म्हटलं असतं. तुम्ही गेलात तिथला पत्ता कुणाकडे नाही, तरी उलट टपाली एवढं कळवा, अण्णा: उठू का मी, तिला सांगायला?