अठरा लुगड्यांची बोट

ता. ५ जानेवारी १९३४

पत्रकं आली! मुंबईहून, दोन बोटकंपन्यांची — एक गुळगुळीत, रंगीत. दुसरं साधं, पिवळट. हे इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते, मी ऐकत होते, आणि भाकरी तव्यावर करपली. कापडाचं रंगकाम शिकायला हे दोन वर्षं विलायतेला जाणार, एवढं ठरलंय. माझं काहीच ठरलेलं नाही. मामंजी म्हणाले, "एकाच्या भाड्याची सोय हाय. सून हितंच राहील." बघू या की!

ता. ६

बोटींना नावं दिली. सासूबाईंना वाटलं, नावं ठेवतेय! नवी ती धाकटी, जुनी ती थोरली. धाकटीचं वय दोन वर्षं. थोरली सव्वीसची — माझ्याहून सात वर्षांनी मोठी!

ता. ८

लांबी फुटांत दिली आहे. फूट काही डोळ्यांपुढे येईनात. मग सरळ लुगडं घेतलं — नऊवारी, म्हणजे सत्तावीस फूट. धाकटी चोवीस लुगडी, थोरली अठरा! मामंजी दुकानात होते म्हणून जमलं. माझा दीर गुरप्पा लुगड्याएवढी दोरी घेऊन पुढे, मी मोजत मागे. आमच्या दारापासून धाकटी थेट मल्लिकार्जुनाच्या देवळापुढे गेली, थोरली कासाराच्या दुकानाशीच संपली.

शेजारची निंगव्वा — "काय मोजायलीस गं?" गुरप्पा ओरडला, "बोट! बाजूला सरा, वैनी समुद्रात हाय!" हसून हसून पोट दुखलं. सासूबाई दारातून — "येड लागलंय दोगांस्नी." असेल!

ता. ९

धाकटीवर नोकर साडेचारशे! पाव भाजणारा वेगळा, केस कापणारा वेगळा, जेवताना वाजंत्री वाजवणारे वेगळे. उतारूही जवळजवळ तेवढेच — म्हणजे प्रत्येकाच्या मागे एक माणूस. माझ्या मागचा दिवसभर करील काय? थोरलीवर दीडशेच, वाजंत्री नाहीच. हे म्हणाले, "तू गा."

ता. ११

सापडलं! धाकटीच्या एका भाड्यात थोरलीची दोन तिकिटं येतात! ह्यांना आकडे दोनदा वाचायला लावले. थोरली हळू चालते, आठवडाभर उशिरा पोचते. पोचू दे! तेवढंच जास्त पाणी बघायला मिळेल. आमचं पाणी म्हणजे तळ्यातलं. कडक भाकरी नि शेंगाचटणी सगळी वाट पुरेल. वाजंत्री नको, चोवीस लुगडी नकोत. थोरलीबाई, तूच माझी!

ता. १३

मामंजींपुढे बोलले! डोईवरचा पदर सारखा घसरत होता. वय, लांबी, नोकर, भाडं — सगळं धडाधड सांगून टाकलं. हे खांबाला टेकून उभे. मामंजींचा अडकित्ता थांबला. "जुनी हाय म्हंतीस. बुडणार न्हाय न्हवं?" मी म्हटलं, सव्वीस वर्षांत बुडली नाही, ती आता कशाला बुडेल! मामंजी हसले. चक्क हसले! "एकाच्या पैशात दोन तिकिटं. इचार करतो," म्हणाले. नाचावंसं वाटतंय, पण नाचायला जागा कुठे आहे इथं.

ता. १६

पैसे मुंबईला गेले. दोन तिकिटांचे! दुकानातले दिवाणजी स्वतः सासूबाईंना सांगत होते. समुद्र लागू नये म्हणून दुपारभर झोपाळ्यावर उंच उंच झोके घेतले. गुरप्पा दोन झोक्यांत उतरला, म्हणे गरगरतं. मला काही म्हणता काही झालं नाही!

ता. १८

हातातून सारखी भांडी पडतायत. सासूबाई आज रागावल्यासुद्धा नाहीत.

ता. २४

तिकिटं आली. एक ह्यांचं, एक गुरप्पाचं. थोरला रंग शिकेल, धाकटा माग शिकेल. ह्यांनी मान वर केली नाही. मामंजी सगळ्यांदेखत म्हणाले, "सुनंचा हिशेब चोख निघाला की!" आत नुसता जाळ झालाय. साखर मीच वाटली.