शेपटीकडून विणलेला सिंह

१ तीर
आमची म्हातारी, गुलअंदाम, तुतीच्या झाडावरून पडली. मनगट प्लास्टरमध्ये. या वयात झाडावर कोण चढतं? चढ असं मीच म्हणालो होतो, पण पड असं म्हणालो नव्हतो.
नातीचं, आयनाजचं, लग्न मेहर महिन्यात. तीर, मोरदाद, शहरीवर, हातात तीन महिने. आम्हा काश्काई टोळीवाल्यांत पोरगी घरी विणलेला गालिचा घेऊनच सासरी जाते. नाहीतर तोंड दाखवायला जागा नाही. लोकर एकाच गालिच्यापुरती.
ठरलं. मी विणणार.

२ तीर
बायकांनी या कामाचं उगाच थोतांड केलंय. गाठ मारा, कापा, ठोका. संपलं.
नातीच्या होणाऱ्या सासऱ्याला, अयाज व्याह्याला, फोन करून सांगितलं, गालिच्यावर असा सिंह विणतो की शिराझच्या बाजारात मिळणार नाही. तो म्हणे, पुरुष मागावर? म्हटलं, का, माग मिशीवाल्याला चावतो का?

९ तीर, सकाळ
अंगणात माग आडवा टाकला. शेपटीकडून सुरुवात केली. तोंडाचं टेन्शन आधी नको.
गुलअंदाम खाटेवरून ओरडते, अहो, आडवा दोरा सैल सोडा, नाहीतर कडा आत येतील. मी ढिलं काम करत नाही. खेचून बसवला. टणटण वाजतो.

२० तीर
ढुंगण झालं. शेजारीण परीगुल म्हणाली, हुबेहूब अयाजभाऊंचं. व्याही खूश होणार.

७ मोरदाद
कडा जरा आत आल्यात. मुद्दाम. सिंहाची कंबर बारीकच असते.

१८ मोरदाद
कंबर संपली. कडा अजून आत. टेप दिसेनाशी केली. माप घेत बसलं की काम होत नाही.

५ शहरीवर
आयनाजनं विचारलं, आजोबा, उसवून परत विणाल का? तिचे डोळे भरले होते. लोकरीचा धुरळा. म्हटलं, वेळ नाही.

२६ शहरीवर
आयाळ मावेना. म्हातारी म्हणते, मुंगसाला आयाळ कशाला? जबडा उघडा ठेवणार होतो. मिटला. जास्त रुबाबदार दिसतो.

४ मेहर
लग्न. पाहुण्यांसमोर गालिचा उलगडला. मग परीगुल फिस्सकन हसली, मग अख्खं वऱ्हाड. आयनाजही हसली, हसता हसता रडली.
गुलअंदामनं पेटी उघडली. या घरात येताना तिनं स्वतः विणून आणलेला गालिचा होता, तो पोरीच्या खांद्यावर टाकला. माझ्याकडे बघितलं नाही.
माझा गालिचा अयाजनं उचलला आणि त्याच्या गाढवावर टाकला. रुंद बाजू मागे, अरुंद मानेकडे. कुठे चुणी नाही. सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, याचं माप घेऊन विणला होतात का?
हो म्हणालो.
वरातीत गाढव सगळ्यांत पुढे होतं. नातीच्या सासरी पहिला माझाच गालिचा पोचला.