गेरूची पानं

इंद्रभान दादा,

तू वारल्याला वीस वर्षं झाली, तरी हे तुला सांगितल्याबिगर ऱ्हाववंना.

अठ्ठावन्न साली पॅरिसहून तू सोता छापलेलं चित्रांचं पुस्तक घरी धाडल्तं. त्यात आपल्या राजूरकडच्या मेंढरांच्या पाठीवरल्या खुणा होत्या, अन् मागं बारा कोरी पानं. आईला वाटलं, राह्यलेल्या खुणांसाठी जागा सोडली. चुकलेलं मेंढरू कळपात आलं की ती त्याची खूण त्या पानांवर गेरूनं काढून ठेवायची, धनी सापडावा म्हणून.

काल मुंबईच्या संग्रहालयातल्या तृप्ती मॅडम आल्या. म्हणाल्या, "चित्रकारांची अशी पुस्तकं फक्त युरोपातल्या लोकांचीच, असं आम्ही धरून चाललो होतो. आता नकाशात राजूर घालावं लागेल." आपलं राजूर कवा नव्हतं नकाशात?

मंग गेरू बघून त्या थबकल्या. मला लाज वाटली. "पोरांनी खराब केलं," मी धडधडीत खोटं बोलले.

त्यांनी कोऱ्या पानांआधीची फ्रेंच ओळ वाचून अर्थ सांगितला: "पुढची पानं माझ्या आईची."

दादा, तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण तिनं एकबी पान कोरं सोडलं न्हाई.

तुझी खोटारडी बहीण,
आसरा