हळकुंडाची भाकर केली

१६ एप्रिल
दुपारी माझ्या फोटो स्टुडिओत टीव्ही चालू. युद्धाच्या बातम्या. 'शत्रूच्या देशात अन्नासाठी झुंबड!' मी हसले. म्हटलं, बरी जिरली. मग लाल गोलात एक हात, खाली 'भाकरीच्या तुकड्यासाठी...' हात बाबांचा! अरे, हा तर हिंगोलीच्या मोंढ्यातला हळदीचा लिलाव. गेल्या आठवड्यात मीच शूट करून चॅनेलला पाठवलेला. बाबा हळकुंड मोडून व्यापाऱ्याला आतला रंग दाखवून राहिलेत. मेल्यांनी रंगच उडवला, सगळं काळं-पांढरं. अंगाचा तिळपापड झाला. आधी हसले, त्याची लाज वेगळीच.

१७ एप्रिल
गावाकडून, डोंगरकड्याहून बाबांचा फोन. "काहून गं, मी कवा उपाशी होतो? पारावर समदे इचारून राहिले, पाव्हणं, जेवले का?" बाबा हसले. मग म्हणाले, "तूच पाठवलं व्हय?"
व्हय. मीच.
चॅनेलच्या साहेबांना फोन. "चूक झाली असेल. पण मॅडम, वेळ कोणती आहे? जरा देश बघा." डोंगरकडा मग कोणत्या देशात येतं, साहेब? फोन ठेवला त्यांनी. लग्नसराई सरली की घर चॅनेलच्याच कामावर चालतं. माहितीये त्यांना.

१९ एप्रिल
मूळ क्लिप फेसबुकवर टाकली, रंगासकट. सायंकाळी वाचनालयात यावरच चर्चा. कुलकर्णीकाका, तहसीलमधून रिटायर झालेले: "लढाईत असं चालतंच, पोरी. लोकांना बळ येतं."
"तुमाला बळ यावं म्हणून माझा बाप उपाशी दाखवायचा?"
मागून कोणीतरी, "देशद्रोही!" मी म्हटलं, समोर येऊन बोल. आलं न्हाई कोणी. मी बसले न्हाई.

२१ एप्रिल
साहेबांचा मेसेज. क्लिप काढा, न्हाईतर काम बंद. पाठोपाठ दुसरा: उद्या मोंढ्यातली गर्दी पाठवा. वरून घ्या. चेहरे नकोत.
चेहरे नकोत!! काय निर्लज्ज माणसं.
क्लिप काढणार न्हाई. उद्या मोंढ्यात जाणार, पार नाकासमोर कॅमेरा धरणार, एकेकाला नाव-गाव बोलायला लावणार. बाबांना म्हटलं, पहिलं नाव तुमचं.
"येतो. पण त्या साहेबानं आमचा आवाजच बंद केला तर?"
बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात.